छेटीची खोली

आमच्या कारखान्यात देवीच्या चुनड्या व्हायच्या. 'आमच्या' म्हणायची खोड अजून गेली नाही माझी, जणू माझ्या बापाचाच होता तो. माय तिथे कामाला होती, एवढंच. गुजरातेत, गोडादऱ्यात, आमच्या गल्लीपासून चार गल्ल्या पलीकडे एक दुमजली घर होतं, खाली कारखाना आणि वर शेठचं बिऱ्हाड. लाल कापडाचे तुकडे यायचे, वीसेक बायका जमिनीवर बसून त्यांना सोनेरी किनार लावायच्या, मधोमध टिकल्या चिकटवायच्या, आणि मग त्या चुनड्या गठ्ठे बांधून कुठकुठल्या देवळांकडे जायच्या. टिकल्या चिकटवायच्या गमचा उग्र वास मायच्या केसांना कायम असायचा. रविवारी डोक्यावरून आंघोळ केली तरी जायचा नाही. मला तो तेव्हा नकोसा व्हायचा. आता कुठे दुकानात तसा वास आला की मी उगाच थांबते, वस्तूंचे भाव विचारते आणि काही न घेता निघते.

कारखान्याचा एक नियम होता. तो शेठच्या आईने घातलेला. तिला सगळे बा म्हणायचे. बाई पाळीची असली की तिने चुनडीला हात लावायचा नाही, माताजीचा माल बाटतो. गुजरातीत छेटे म्हणजे लांब. मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे त्या बाईने तीन दिवस लांब बसायचं. आमच्या बायकांनी त्या खोलीचंच नाव छेटी करून टाकलं. आता यातली गंमत अशी, की छेटीत बसलेल्या बाईला बा अर्धी हजेरी द्यायची. काही काम न करता! बाचा हिशेब सरळ होता. हजेरी कापली तर गरीब बाई पोटासाठी खोटं बोलेल, पाळी लपवेल आणि माल बाटवेल. देवीचा कोप ओढवून घेण्यापेक्षा अर्धी हजेरी परवडली. बा कनवाळू होती असं कुणी म्हणू नये. ती फक्त देवीला घाबरायची.

त्या छेटीत काय चालायचं ते मी लहान असताना डोळ्यांनी पाहिलंय. शाळा सुटली की मी थेट तिथे जायची. सुतळीच्या गोण्यांवर जुन्या सतरंज्या टाकलेल्या, एक खिडकी, एक माठ, आणि कधी तीन तर कधी पाच बायका आडव्या पडलेल्या. भर दिवसा आडवी पडलेली बाई मी दुसरीकडे कुठे पाहिलीच नव्हती. जळगावकडच्या, धुळ्याकडच्या, अकोल्याच्या एक-दोन. एरवी बाहेर जेवताना ज्या आपापला डबा आपापल्या लोकांत घेऊन बसायच्या, त्याच इथे एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. सगळ्याच बाटलेल्या, मग कुणी कुणाला काय पाळायचं! निर्मलामावशी तर त्या खोलीची राणी होती. जाडजूड, गोरी, एक दात पडलेला. नवऱ्याची नक्कल करायची, बाची नक्कल करायची, आणि मुकादमाच्या चालीची तर अशी करायची की बायका पोट धरून म्हणायच्या, "बस वं निर्मले, आधीच पोट दुखी रायनं!" माझी माय घरात मोठ्याने हसलेली मला आठवत नाही. तिथे ती हसायची. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

घरी तिला हसायला जागाही नव्हती म्हणा. एक खोली, तीत तिघं आम्ही. बाप कापड विणायच्या लूमवर बारा तासांच्या पाळ्या करायचा आणि घरी आला की झोपायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून आम्ही मायलेकी हातवारे करून बोलायचो. बाहेर मात्र गल्लीतल्या लूमची खटाखट अखंड चालू. तिने त्याची झोप मोडायची नाही, आमच्या भांड्याने मोडायची! मायला पाळीचा त्रास फार होता. फार म्हणजे किती ते मला पुष्कळ उशिरा कळलं. महिन्याचे ते दिवस आले की तिचे ओठ पांढरे पडायचे, पाण्याची कळशी उचलताना ती भिंतीला हात लावायची. घरात तिला कोण बसवणार? स्वयंपाक, पाणी, धुणं सगळं तिच्याच गळ्यात. आमच्या घरात विटाळ पाळायची ऐपतच नव्हती. पण छेटीत दिवसभर पाय लांब करून आली की संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आलेला असायचा. मग ती डाळीचे फुणके उकडायची, सोबत पातळ कढी. वाफेत ती निर्मलामावशीचा ताजा किस्सा दबक्या आवाजात सांगायची आणि बाप कूस बदलायचा.

अशात मी अकरावीत गेले आणि मला वाचा फुटली. वक्तृत्व स्पर्धेत 'स्त्री आणि समता' असा विषय होता. मी छेटीवर बोलले. कुठल्या पुस्तकातून नाही, अगदी स्वतःचं, आणि बोलले ते काय बोलले! "ज्या रक्तातून तुम्ही सगळे जन्मलात ते अपवित्र कसं? देवी स्वतः बाई नाही का? माझ्या आईला दर महिन्याला गुन्हेगारासारखं मागच्या खोलीत कोंडतात." कोंडतात म्हणे! दाराला कडी नव्हती त्या. पण टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चार दिवस मी आरशापुढे हात उडवत होते.

त्याच सुमारास बा जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. कारखान्याचा कारभार शेठची बायको बघायला लागली. तिला आम्ही भाभी म्हणायचो. शिकलेली, बारीक अंगाची, चष्मा लावणारी, बायकांशी अरेतुरे न करणारी. तिच्या कानावर माझं बक्षीस गेलं. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, इथे सगळ्यांसमोर हेच भाषण हिंदीत करशील का? मी करणार नाही असं होईल का? सगळ्या बायका काम थांबवून बसल्या. मी सुरुवात केली. मला वाटलं होतं, बायका माना डोलावतील. त्या चुनड्यांकडे बघत राहिल्या. निर्मलामावशीने एकदा वर पाहिलं, माझ्याकडे नाही, मायकडे. माय नखातला गम काढत होती.

टाळ्या एकटीने वाजवल्या, त्या भाभीने. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जवळ घेतलं आणि सांगितलं, लग्न होऊन आले तेव्हापासून बाने मला दर महिन्याला जिन्याखाली बसवलं. ताट सरकवायचे, हातात द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी इतकी रडले की आवाज बसला. "तूने मेरे मन की बात बोल दी, बेटा." मग तिने बायकांना सांगितलं, आजपासून छेटी बंद. कुणालाही लांब बसवायचं नाही. सगळ्या सारख्या, सगळे दिवस सारखे. बाला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्याच दुपारी सतरंज्या गच्चीवर गेल्या आणि त्या खोलीत किनारीची खोकी छतापर्यंत रचली गेली.

भाभी वाईट नव्हती, हे मी आज या वयातही शपथेवर सांगेन. तिच्या वाट्याला जिन्याखालची जागा आली होती, माझ्या मायच्या वाट्याला सतरंजी. दोघींना लांब बसवणारी बाई एकच. मला तेव्हा जिन्याखालची तेवढी दिसली.

घरी येताना मी मायला विचारलं, "कशी बोलले मी?" ती म्हणाली, "चांगली बोलनी." आणि पुढे चालायला लागली.

नवरात्र दीड महिन्यावर होतं. चुनड्यांचा तो खरा हंगाम. सकाळी आठला बसलेली बाई संध्याकाळी सातला उठायची. आधी छेटीमुळे चार-पाच बायका कामाला नसायच्या, आता सगळ्या वीसच्या वीस ओळीत. मायचे ते दिवस आले. सकाळी तिने कापडाच्या दुहेरी घड्या घेतल्या, गडद साडी नेसली आणि गेली. संध्याकाळी साडेसात झाले तरी आली नाही म्हणून मी बघायला गेले. बायका सगळ्या निघून गेल्या होत्या. माय आपल्या जागेवर एकटी बसलेली, पुढ्यात चुनडी नाही, काही नाही, हात मांडीवर. मी म्हटलं, "चाल ना माय." ती म्हणाली, "सगळ्या गयात का?" मी म्हटलं, गेल्या. "दारवर कोनी नही ना?" कुणी नव्हतं. मग ती उठली. खालचं गोणपाट भिजलं होतं. साडीची तर काय सांगू. मी माझी ओढणी तिच्या कमरेला बांधली, आणि ते गोणपाट दोघींनी मिळून मागच्या नळावर धुतलं. माय भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दुपारनी उठता उनं नही वं. सगळ्यासमोर कशी उठू?" दुपारपासून! पाच-सहा तास ती बाई पाण्याला उठली नव्हती. मला रडू फुटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिच्यात तेवढी ताकदच नव्हती.

तिच्या बाजूला बसणाऱ्या बायकांना कळलं नसेल का? कळलंच असणार. पण त्यांचंही तेच चाललं होतं. गोळ्या गिळून बसायच्या. गल्लीत मी समोरून आले की बोलता बोलता थांबायच्या. निर्मलामावशीने एकदाच तोंड उघडलं. नळावर माझी कळशी बाजूला सरकवून म्हणाली, "आम्हाला कोंडलं होतं ना गं बाई? सोडवलंस. उपकार झाले."

मी भाभीकडे गेले. म्हटलं, बायकांना त्रास होतो, त्या दिवसांत बसायला द्या. ती चक्रावली. "पण तूच तर म्हणालीस, यात काही नसतं, हे दिवस इतर दिवसांसारखेच!" मी म्हटलं, विटाळ नसतो, पण दुखतं. ती म्हणाली, दुखणाऱ्या बाईने घरी राहावं, मी कुठे अडवते? हजेरी मात्र कशी देऊ? उद्या गठ्ठे बांधणाऱ्या बाप्यांची पाठ दुखेल, त्यांनाही देऊ? आणि मग शेठ मला म्हणेल, बायका ठेवूच नको, बाप्येच घे. ती रागावून बोलत नव्हती, खरोखर मला विचारत होती. बक्षिसाच्या भाषणात याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं.

परवा इथल्या पर्वत पाटिया भागातल्या एका हॉलमध्ये बायकांची सभा होती, पाळीची रजा कायद्याने असावी की नसावी यावर. मी निवृत्त शिक्षिका म्हणून मला खुर्चीवर बसवलेलं. एक मुलगी तावातावाने म्हणाली, शरीर वेगळं आहे तर हक्क वेगळे हवेत. दुसरी तितक्याच तावाने म्हणाली, वेगळं म्हटलं की आधी दारात अडवतील आणि मग घरी बसवतील, आपल्या आज्यांना बसवलं तसं. दोघी मला माझ्या वाटल्या. माझी ओळख करून देताना सांगितलं होतं, यांनी सोळाव्या वर्षी कारखान्यातली अनिष्ट प्रथा बंद पाडली. मीच कधीतरी अर्धी गोष्ट सांगितली असणार. बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, सगळ्यांना नमस्कार केला, घसा बसलाय म्हटलं आणि खाली बसले. घरी येऊन कुकर लावला आणि मग हे लिहायला घेतलं. उरलेली अर्धी अशी.

मायचे पुढच्या महिन्याचे दिवस जवळ येत होते. भाभीकडून आशा नव्हती. एकच माणूस छेटी उघडू शकत होतं, आणि ते वरच्या मजल्यावर अंथरुणात होतं. मी दुपारी वर गेले. बा केवढीशी झाली होती! हातात माळ, उशाशी देवीची तसबीर. मी पायाशी बसले आणि सांगितलं, "बा, छेटी बंद झाली. बायका अडकावात चुनडीला हात लावतात." अडकाव म्हणजे त्यांच्याकडे पाळी. हा शब्द मी भाषणात किती थुंकल्यासारखा उच्चारला होता! आता तोच पुढे करून मी मदत मागत होते. मला वाटलं होतं, बा भडकेल, भाभीला हाक मारेल आणि छेटी उघडेल. इतकंच होईल. बाने माळ थांबवली. मला न्याहाळलं आणि म्हणाली, "कोण?"

"कोण म्हणजे?" मी विचारलं.

"कोण अडी? नाम बोल." कोण शिवली, त्या बाईचं नाव तिला हवं होतं.

मला हे सुचलंच नव्हतं. नाव लागेल हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं. सगळ्या म्हटलं तर सगळ्या जातील, हंगामात वीस नव्या बायका मिळायला गोडादऱ्यात वेळ लागत नाही. निर्मलामावशी म्हटलं तर ती जाईल. कुणीच नाही म्हटलं तर मी खोटी आणि छेटी बंद. खाली गम ढवळायचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मारी माय."

बाने डोळे मिटले. मग भाभीला बोलावणं गेलं. सासू-सुनेचं काय झालं ते मला कळलं नाही. मी जिन्यावर उभी होते. भाभी खाली उतरताना माझ्यापाशी थांबली. ती रडलेली होती. म्हणाली, "अब मैं भी वापस सीढ़ी के नीचे बैठूँगी." एवढंच बोलली, आणि नंतर माझ्याशी कधी बोलली नाही.

संध्याकाळपर्यंत खोकी हलली, सतरंज्या गच्चीवरून परत आल्या. तयार मालावर गंगाजल शिंपडलं. बायकांना पुन्हा अर्धी हजेरी मिळाली, तीन दिवस मिळाले. मायला दारातूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आणि बाचा दुसरा निरोप आला: तिच्या जागी पोरीला घ्या, कुणी बोलावलं नसताना वर येऊन आईचंसुद्धा नाव घेते ती मुलगी माताजीच्या मालाशी खोटं बोलणार नाही.

माय त्या दिवशी घरी आली, हातपाय धुतले, पीठ मळायला बसली. मी सगळं सांगितलं, एका दमात. तिने परातीतून वर पाहिलं नाही. "मनं नाव लिधं ते बरं करं," म्हणाली. "दुसरीनं लेती ते तिनी पोटवर पाय पडता." मग पिठाला पाण्याचा हात लावत, "माले ते घरमाज बरं शे आते." मी म्हटलं, माय, मला मार. ती म्हणाली, "येडी शे का?" बाप उठला तेव्हा तिने त्याला तब्येतीचं कारण सांगितलं.

मी सकाळच्या शाळेत नाव बदलून घेतलं आणि दुपारी मायच्या जागेवर बसायला लागले. बायकांना खोली परत मिळाली होती, पण माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. पूर्वी रागाने गप्प असायच्या, आता भीतीने. जी पोरगी आईचं नाव वर जाऊन सांगते ती आपलं सोडेल का, असं. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. माझे दिवस आले तेव्हा मी छेटीत गेले. चौघी होत्या. मी सतरंजीच्या टोकाला बसले आणि हसण्याचा आवाज बंद झाला. एकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाकीच्या झोपल्याचं सोंग घेऊन पडल्या. तीन दिवस मी त्या खोलीत माठाकडे बघत काढले. इतकं एकटं मला नंतर नवरा गेल्यावरही वाटलं नाही.

घरी मात्र माय वाट बघत असायची. दिवसभर ती एकटीच, बापाच्या घोरण्याजवळ. मी चप्पल काढायच्या आत विचारायची, "कोन कोन व्हतं आज छेटीमा? काय बोलन्यात?" पहिल्या दिवशी मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून भलतंच बोलले. म्हटलं, निर्मलामावशीने आज बाची नक्कल केली, माळ ओढता ओढता कशी घोरते ती. माय तोंडावर पदर धरून हसली. मग मी रोज रचायला लागले, छेटीत बसलेली असो की बाहेर ओळीत. कारखान्यातून निघाले की चार गल्ल्या चालताना तेवढंच डोक्यात, आज काय सांगायचं. मुकादम गमच्या डब्यात बसला. अकोल्याच्या बाईच्या नवऱ्याने भाकरी भाजली आणि मिशी जाळून घेतली. निर्मलामावशी हे बोलली, मग ती ते बोलली. मला नकला येत नव्हत्या, त्या मी चुलीपुढे उभी राहून करायला लागले. दिवाळी होऊन गेली तरी माझी निर्मलामावशी दमली नव्हती.

अशाच एका संध्याकाळी मी सांगत होते, निर्मलामावशी आज म्हणाली, आता मी पडलेल्या दाताच्या जागी टिकलीच चिकटवते, नवरा अंधारातही ओळखेल. माय पार वाकून हसली. डोळे पुसले. मग कढीत पळी फिरवत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "उषी, निर्मला ते गावले गयी ना. आठ दिन व्हयनात. जावाना पहिले माले भेटीसन गयी."

मी ताटावर येऊन बसले. बाहेर लूम चालू होते. मायने माझ्या ताटात कढी वाढली, स्वतःचं ताट ओढलं आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"मंग?" ती म्हणाली. "सांग ना. पुढे काय बोलनी ती?"